दुधाचा दात आणि बुडालेली रोजी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला पत्र पाठविले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलावे. आम्ही उलट टपाली कळविले की त्याच प्रश्नावर बोलू, पण विषयाचे नाव 'लहान मुलांचे किडलेले दात' असे छापा. कार्यक्रमपत्रिकेत ते नाव वाचून पुष्कळांना वाटले असेल की छापखान्यात काही घोटाळा झाला आणि कुणा डॉक्टरांचा विषय युनियनवाल्याच्या नावापुढे पडला. घोटाळा झालेला नाही. आम्ही डॉक्टर नाही हे मात्र खरे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले; पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा आज जे सांगू ते वाचून, विचारून आणि पाहून जमविलेले आहे. समोर बसलेल्या दंतवैद्यांनी ते तपासून घ्यावे आणि शेवटी आमचा कान धरावा.

हा विषय आम्ही मागून का घेतला ते आधी सांगितले पाहिजे. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या स्त्रियांची प्रकरणे आम्ही चालवितो. 'खाडे फार होतात' या सबबीवर बाईला कामावरून कमी केले की ते खाडे का झाले याची यादी आम्हाला करावी लागते. त्या यादीत ताप असतो, लग्न असते, मयत असते, रेशनकार्डाचे काम असते. आणि वर्षामागून वर्षे आम्ही पाहत आलो की एक कारण त्यात पुन्हा पुन्हा येते : 'पोराचा दात'. ठेकेदाराच्या वकिलाला हे कारण ऐकून हसू येते. त्याने रात्री दोन वाजता गालावर हात धरून ओरडणारे पाच वर्षांचे पोर आणि सकाळी सहाच्या पाळीला निघणारी त्याची आई एकाच खोलीत पाहिलेली नसतात.

अशाच एका बाईला आम्ही विचारले की, बाई, दाढ काळी पडली तेव्हाच दवाखान्यात का दाखविली नाही? ती म्हणाली, "भाऊ, दुधाचाच दात हाय, पडूनच जाईन. त्याच्यासाठी रोजी काऊन बुडवू?" या उत्तरात अर्थशास्त्र पक्के आहे, शरीरशास्त्र तेवढे कच्चे आहे. आणि ते केवळ मजूर बाईचेच कच्चे आहे असे समजण्याचे कारण नाही. धंतोली-रामदासपेठेतल्या सुशिक्षित घरांतही आम्ही हेच वाक्य जरा शुद्ध मराठीत ऐकलेले आहे.

दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, शेवटची दाढ अडीच वर्षांच्या सुमारास येते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, परंतु दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ 'पडूनच जाईन' म्हणून सोडली तर तिच्यासह सहा-सात वर्षे काढायची असतात. ती वेळेआधी काढून टाकली तर शेजारची दाढ रिकाम्या जागेत सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाकडी वाट धरावी लागते. शिवाय दुधाच्या दातावरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते पातळ असते आणि आतली नस त्या मानाने मोठी असते. मोठ्या माणसाच्या दातात जी कीड वर्षानुवर्षे रेंगाळते ती मुलाच्या दातात काही महिन्यांत नसेपर्यंत पोचू शकते. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते अशी आपल्याकडे म्हण आहे. दातांची चाल नेमकी उलटी. ते मुंगीच्या पावलाने येते, आणि हत्ती दिसतो तो एकदम मध्यरात्री.

'कीड' हा शब्दच आपल्याला थोडा फसवितो. सुश्रुताने दंतरोगांत 'कृमिदन्तक' असे नाव दिले आहे, आणि दातात अळी असते ही समजूत केवळ आपली नव्हे, साऱ्या जगाची होती. आमच्या लहानपणी वस्तीत कीड काढणारे फिरत. रिंगणीचे बी तापल्या लोखंडावर टाकायचे, नळीने त्याचा धूर दाढेला द्यायचा आणि मग भांड्यातले बारीक पांढरे किडे दाखवायचे. युरोपातही हेच चाले, तिथे खुरासनी ओव्याचे बी घेत. ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांमधले कोंब. फ्रान्समधल्या पिएर फोशार या शस्त्रवैद्याने 1728 च्या आपल्या ग्रंथात ही अळीची कल्पना नाकारली, आणि 1890 मध्ये मिलर नावाच्या अमेरिकन संशोधकाने बर्लिनमध्ये काम करून खरी गोष्ट मांडली : तोंडातले सूक्ष्म जंतू साखर खातात, तिचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात झिजविते. साखर तोंडात गेली की साधारण अर्धा तास हे आम्ल टिकते, मग लाळ येऊन ते निववते आणि झालेली हानी थोडी भरूनही काढते. म्हणून मुलाने एकदा जेवणाबरोबर लाडू खाल्ला तर दात तो सोसतो. पण सकाळी चहात बुडवून बिस्किट, दहाला चॉकलेट, बाराला पुन्हा बिस्किट, चारला चहा, आणि रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोप असे झाले की लाळेला उसंत मिळत नाही. रात्री तर लाळही कमी सुटते. किती साखर खाल्ली याइतकेच किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. आता बिस्किटाचा पुडा देऊन मुलाला कुलपाआड किंवा शेजारणीकडे ठेवून आई पाळीला जाते, तेव्हा हे 'किती वेळा' कोण मोजणार?

हा प्रश्न लहान नाही. भारतीय दंत परिषदेने 2002-03 मध्ये देशभर पाहणी केली, तीत पाच वर्षांच्या मुलांपैकी 51.9 टक्के मुलांचे दात किडलेले आढळले, बारा वर्षांच्यांत 53.8 टक्के. दोघांत एक असा हा हिशेब. नागपूरच्या कोणत्याही अंगणवाडीत मुलांना 'आ करा' म्हणून पाहावे, फार निराळे दिसणार नाही.

आता उपचारांकडे वळू. घरगुती उपचार आधी. लवंगेचे तेल दाढेला लावले की ठणका थोडा वेळ बधिर होतो, हे खरे आहे; दंतवैद्यही लवंगेतले द्रव्य वापरतात. पण ठणका थांबला म्हणजे रोग थांबला असे नव्हे. बाभळीचे किंवा कडुलिंबाचे दातवण चांगले चावून घासले तर दात स्वच्छ होतात. झालेला खड्डा त्याने भरत नाही. इथवर कुणाचे नुकसान नाही. परंतु विदर्भात आणि विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत दुखऱ्या दाताला गुडाखू लावतात, कुठे मिश्री लावतात, आणि दहा-बारा वर्षांचे पोर 'दाढ दुखते' म्हणून खर्ऱ्याची चिमूट गालात धरते. तंबाखूने हिरडी बधिर होते हे त्याला कुणी मोठ्यानेच शिकविलेले असते. गुटख्यावर राज्याने 2012 मध्ये बंदी घातली, पण नागपुरात खर्रा घोटण्याचा आवाज काही थांबला नाही. या एका घरगुती उपायाबद्दल आम्ही सौम्य भाषा वापरणार नाही. दाढ एक गेली तर चालेल, हा औषधोपचार नको.

यानंतर दवाखान्यातली जुनी रीत. ती आपणा सर्वांना ठाऊक आहे : खुर्ची, दिवा, सुई, आणि ते फिरणारे यंत्र. या रीतीला शास्त्राचा पाया घालून दिला तो अमेरिकेतल्या शिकागोच्या ग्रीन ब्लॅक यांनी, गेल्या शतकाच्या आरंभी. किडलेला भाग सगळा कोरून काढावा, इतकेच नव्हे तर पुढे जिथे कीड लागण्याचा संभव तो चांगला भागही थोडा कोरावा, आणि मग पारा व चांदीचे मिश्रण ठासून भरावे. त्या काळी भरण्याला चिकटून राहणारे द्रव्यच नव्हते, म्हणून ते अडकून बसेल असा खड्डा करणे भाग होते. ब्लॅक यांच्या नियमांनी कोट्यवधी दात वाचले. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही, आणि मोठ्या माणसाच्या दातात आजही पुष्कळदा यंत्र लागतेच.

प्रश्न चार वर्षांच्या मुलाचा आहे. त्याला सुई दिसते, यंत्राचा आवाज कवटीत घुमतो, आणि दोघांतिघांनी हातपाय धरलेले असतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाचे असेच झाले. कोणत्या दवाखान्यात ते सांगण्याचे कारण नाही, कारण तिथल्या डॉक्टरांपुढे त्या दिवशी रांग होती आणि हात दोनच होते. मुलाने यंत्र पाहताच तोंड मिटले ते उघडलेच नाही. 'पुढच्या मंगळवारी आणा.' पुढच्या मंगळवारी ते फाटकापासूनच रडू लागले. तिसऱ्या खेपेला धरून दाढ काढली. आईच्या तीन रोज्या, ऑटोचे भाडे, आणि वर हे की आता ते पोर पांढरा कोट दिसला की पलंगाखाली जाते. जुन्या रीतीचा खर्च मोजताना हा सगळा खर्च मोजला पाहिजे. केसपेपरावर तो लिहिलेला नसतो.

गेल्या काही दशकांत जगात निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या गरजेपोटी, या दुखण्यावर सौम्य उपाय निघाले. त्यांतले तीन आम्ही सांगणार आहोत.

पहिला टांझानियातला. 1980 नंतरच्या दशकाच्या मध्यास फ्रेंकन नावाचे डच दंतवैद्य तिथे काम करीत होते. खेड्यांत वीज नाही, यंत्र चालणार कसे? त्यांनी हातानेच, लहान चमच्यासारख्या हत्याराने दातातला सडून मऊ झालेला भाग काढला, आणि ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट बोटाने दाबून भरले. हे सिमेंट लंडनमध्ये विल्सन आणि केंट या दोघांनी 1970 च्या आगेमागे शोधलेले. ते दाताला आपोआप चिकटते आणि त्यातून थोडे थोडे फ्लोराइड झिरपत राहते. मऊ भाग काढताना नस सहसा दुखत नाही, म्हणून बहुधा सुईही लागत नाही. 1994 च्या जागतिक आरोग्य दिनी जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत जगापुढे ठेवली. जी गोष्ट विजेच्या अभावी निघाली ती पुढे युरोपातल्या भित्र्या मुलांनाही मानवली, ही आम्हाला गमतीची गोष्ट वाटते. मेळघाटात किंवा गडचिरोलीत शाळेच्या बाकावर मुलाला आडवे करून ती करता येते. तिचा उणेपणाही सांगितला पाहिजे : दाढेच्या वरच्या एकाच बाजूला खड्डा असेल तर भरण चांगले टिकते, दोन दाढांच्या मधोमध, फटीत कीड असेल तर ते पुष्कळदा लवकर निघून येते.

दुसरा उपाय स्कॉटलंडचा. तिथे नॉर्ना हॉल नावाच्या बाई दंतवैद्य होत्या. मुलांच्या दाढांवर बसवायच्या पोलादी टोप्या 1950 पासून प्रचारात होत्या, पण त्या बसविण्याआधी दाढ चारी बाजूंनी कोरून घेत. हॉलबाईंनी कोरणे सोडून दिले. कीड आहे तशी आत ठेवून वर टोपी घट्ट बसविली. ऐकताना हे भयंकर वाटते, आम्हालाही वाटले. घरात चोर शिरला असता बाहेरून कडी लावण्यासारखे हे आहे. पण विचार केला तर यातले शास्त्र सरळ आहे : जंतूला साखर मिळाली नाही तर तो आम्ल करणार कशाचे? तो आत उपाशी राहतो आणि कीड थांबते. स्कॉटलंडमध्ये 132 मुलांवर याची रीतसर चाचणी झाली. प्रत्येक मुलाच्या एका दाढेला हॉलबाईंची रीत आणि दुसरीला नेहमीची. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या रीतीने केलेल्या सुमारे 16 टक्के दाढा दुखून, पू होऊन वाया गेल्या होत्या, टोपीखालच्या 3 टक्के. टोपी बसविण्याआधी कधी कधी दाढांमध्ये रबराचे लहान कडे काही दिवस ठेवावे लागते, आणि बसविल्यावर काही आठवडे चावा उंच लागतो. मूल तक्रार करते. मग जबडा सावरून घेतो.

तिसरा उपाय जपानचा, आणि त्याच्यावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण भांडण तिथेच आहे. ओसाका येथे 1960 नंतरच्या दशकात यामागा आणि निशिनो या संशोधकांनी चांदी आणि फ्लोराइड यांचे एक पाणी तयार केले. त्याचे नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, आणि जपान सरकारने त्याला 1970 मध्ये परवानगी दिली. चांदी जंतू मारते. आपल्याकडे बाळाला चांदीच्या वाटीत भरवितात त्यामागे काय विचार असेल तो असो. फ्लोराइड दाताला पुन्हा घट्ट करते. दात पुसून कोरडा करायचा, बारीक कुंचल्याने एक थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचे, झाले. सुई नाही, यंत्र नाही, रडणे बहुधा नाही. तोंडाला धातूची चव येते, इतकेच. वर्षातून दोनदा लावले तर दुधाच्या दातांतली चालू कीड किती ठिकाणी थांबते याचा अनेक चाचण्यांवरून 2016 मध्ये काढलेला हिशेब सुमारे 80 टक्के असा आहे. अमेरिकेने हे औषध 2014 मध्ये येऊ दिले, आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत ते घातले. त्याच वेळी ते सिमेंट आणि फ्लोराइडची पेस्टही त्या यादीत गेली. आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. बोस्टनचे हाऊ नावाचे दंतवैद्य 1917 मध्येच चांदीचे असेच एक पाणी किडलेल्या दातांना लावीत होते. म्हणजे 'नवे' म्हणून जे आले ते पणजोबांच्या काळातले. मधल्या काळात वेगवान यंत्रे आली आणि ते मागे पडले.

मग भांडण कशाचे? या औषधाने किडलेला भाग काळा ठिक्कर पडतो आणि तसाच राहतो. तो काळेपणा हीच कीड थांबल्याची खूण.

एका शिबिरात, कुणाच्या ते बोलण्यात अर्थ नाही, वस्तीतल्या पंधरा-वीस मुलांना हे औषध लावले. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि हात साफ होते. पण दात काळे पडतील हे आयांना कुणी सांगितले नाही. दोन दिवसांनी एक बाई आमच्या कचेरीत आली, मुलीला घेऊन. पुढचे चार दात काळे. तिने राखेने घासले होते, मिठाने घासले होते, हिरडीतून रक्त आले होते. ती म्हणाली, "आमी गरीब हाओ म्हणून आमच्या पोरीले काळं औषध लावलं काय?"

हा प्रश्न आम्ही येथे मुद्दाम तिच्या शब्दांत ठेवला. चळवळीतल्या माणसाला तो टाळता येत नाही. स्वस्त रेशन, स्वस्त घर, स्वस्त शाळा यांच्या नावाखाली गरिबाच्या पदरात काय काय टाकले जाते ते आम्ही आयुष्यभर पाहिले आहे. तेव्हा 'गरिबाला थेंब आणि श्रीमंताला टोपी' अशी वाटणी कुणी करीत असेल तर त्याला आमचा विरोध आहे. परंतु प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही पुस्तके चाळली, डॉक्टरांना विचारले, तेव्हा असे दिसले की हे औषध जपानच्या, अमेरिकेच्या खात्यापित्या घरांतल्या मुलांनाही लावतात. तान्ह्या मुलाला भूल देऊन शस्त्रक्रियागृहात नेण्यापेक्षा दोन वर्षे काळा दात बरा, असा विचार तिथले आईबाप स्वतः करतात. फरक हाच की त्यांना आधी विचारलेले असते, छायाचित्र दाखविलेले असते आणि 'नको' म्हणण्याची मुभा असते. त्या बाईवर अन्याय झाला तो औषधाने केला नाही. न विचारता लावण्याने केला. मागच्या दाढेला थेंब आणि पुढच्या दाताला निराळा उपाय असेही करता येते. काळ्या भागावर पुढे सिमेंट भरून तो बराचसा झाकताही येतो. हे तिला कळले असते तर तिने काय निवडले असते ते तिचे तिने ठरविले असते. आणि हेही सांगून ठेवतो की दात सतत ठणकत असेल, हिरडीवर पुळी आली असेल, गाल सुजला असेल तर थेंबाचा उपयोग नाही, टोपीचाही नाही. तिथे नसेवरचा इलाज किंवा दात काढणे हाच मार्ग, आणि उशीर करू नये.

पाऱ्याच्या भरणाबद्दल एक वाक्य. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या राष्ट्रांनी, ज्यात भारतही आहे, मार्च 2022 मध्ये बाली येथे ठरविले की दुधाच्या दातांत आणि पंधरा वर्षांखालील मुलांच्या दातांत ते भरण वापरू नये. जुन्या रीतीतले निम्मे सामान अशा रीतीने कायद्यानेच बाजूला होत आहे.

आता एक आकडा असा सांगतो की जो आमच्या बाजूचा नाही. ब्रिटनमध्ये तीन ते सात वर्षांच्या 1144 मुलांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल 2020 मध्ये आला. एका गटाला सुई-यंत्राची जुनी रीत, दुसऱ्याला कीड आत कोंडण्याची सौम्य रीत, तिसऱ्याला भरण नाहीच, केवळ घासणे, फ्लोराइड, खाण्याचा सल्ला. सुमारे तीन वर्षांत किती मुलांना दातदुखी किंवा पू झाला? पहिल्या गटात 42 टक्के, दुसऱ्यात 40, तिसऱ्यात 45. शास्त्राच्या हिशेबाने या तिघांत फरक नाही. सौम्य रीतीचा प्रचार करायला आलेल्या माणसाने हा आकडा खिशात ठेवला असता तर बरे, असे कुणी म्हणेल. आम्हाला तो फार मोलाचा वाटतो. एक तर, जुनी रीत नक्कीच सरस आहे आणि सौम्य रीत म्हणजे तात्पुरती मलमपट्टी, हा समज त्याने मोडतो. दाताचा निकाल जर सारखाच येणार असेल तर भीती कशाने कमी, खेपा कशाने कमी, रोजी कशाने कमी बुडते, यावर निवड करायला आपण मोकळे झालो. दगडापेक्षा वीट मऊ. दुसरे असे की तिन्ही गटांत दहांतली चार मुले दुखण्यातून गेलीच. त्या मुलांच्या तोंडात कीड आधीच शिरलेली होती. खुर्चीपर्यंत पोचलेल्या मुलाच्या बाबतीत कोणतीही रीत उशिरा आलेली असते.

म्हणून लवकर कोण पाहणार हा प्रश्न येतो, आणि इथे सरकारी कागदावर व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावीत अशी योजना आहे, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीड आहे. पथकाने दात पाहून 'दवाखान्यात न्या' अशी चिठ्ठी दिली की सरकारचे काम झाले. चिठ्ठी घेऊन जाणाऱ्या आईचे काम तिथून सुरू होते. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय 1968 पासून आहे, मेडिकलच्या आवारात. हिंगणा रस्त्याला आणि वर्ध्याजवळ सावंगीला खाजगी दंत महाविद्यालये आहेत. म्हणजे डॉक्टरांचा दुष्काळ या शहरात नाही. चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आहे. आमच्याकडे दंतवैद्य आहेत, किडलेले दात आहेत, मधला एक दिवस नाही. तो दिवस ठेकेदाराच्या हजेरीपटात अडकलेला आहे.

या शहराला हे नवे नाही. राज्य कामगार विमा योजना आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात प्रथम आली ती नागपुरात, जुलै 1954 मध्ये. मुंबईत ती त्यानंतर आली. मिलमधल्या कामगाराला आजारपणाची रजा आणि औषध हा हक्क आहे हे इथे लोकांनी लवकर अनुभवले. एम्प्रेस आणि मॉडेल मिलांचे भोंगे बंद झाले, ठेकेदारी आली, आणि आज अनेक बायांचे नावच विम्याच्या कागदावर चढत नाही. नाव नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून कुटुंबाला औषध नाही. आम्ही नावे चढविण्यासाठी भांडतो तेव्हा ते दातांसाठीही असते.

फ्लोराइडबद्दल विदर्भातल्या माणसाला एक शंका येते, ती रास्त आहे. चंद्रपूर-यवतमाळकडच्या कित्येक गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे; तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात आणि फार वर्षे ते पाणी पिणाऱ्यांची हाडेही ताठतात. मग तेच फ्लोराइड औषध कसे? मीठ अन्नाला लागते आणि मूठभर मीठ खाववत नाही, तसा हा प्रकार आहे. थेंबातले किंवा पेस्टमधले फ्लोराइड दातावर बाहेरून लागते. पाण्यातले रोज पोटात जाते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवावे. जाहिरातीत दाखवितात तशी ब्रशभर लांब पट्टी मुलाला मुळीच देऊ नये; ती पेस्ट विकण्यासाठी असते.

आणखी एक, आणि हे आयांनी विशेष ऐकावे. सहाव्या वर्षी सर्वांत मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कुणाला कळत नाही, आणि घरोघर तिला दुधाचीच समजतात. ती पक्की दाढ आहे. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही. शाळेत नाव घातले त्या वर्षी मुलाला उजेडात बसवून मागची दाढ पाहावी. तिच्या खाचांत काळी रेघ दिसली तर त्याच महिन्यात दाखवावी. त्या वेळी काम थोडक्यात होते, खाचा सिमेंटने बुजवून टाकतात आणि मूल हसत घरी येते.

आमच्या संघटनेने गेल्या मागणीपत्रात एक कलम घातले : सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांच्या दातांच्या तपासणीसाठी आईला किंवा बापाला वर्षातून दोन अर्धे दिवस पगारी द्यावेत, दवाखान्याची चिठ्ठी दाखविल्यावर. वाटाघाटीच्या टेबलावर ते वाचले गेले तेव्हा व्यवस्थापनाच्या बाजूने एक गृहस्थ म्हणाले, 'दात कोरून पोट भरते का?' आम्ही त्यांना खाड्यांची यादी दाखविली. त्यांनी ती ठेवून घेतली आहे. 'बापाला' हा शब्द काढा असे त्यांचे म्हणणे आहे, तेवढ्याने कलम मान्य होईल असा त्यांचा सूर दिसतो. आम्ही तो शब्द काढलेला नाही. आमच्याच सभासदांतले काही पुरुष 'कशाला अडून बसता' म्हणून आमच्यावर रागावलेले आहेत, आणि आज ते या मंडपात मागच्या रांगेत बसलेले आम्हाला दिसत आहेत. त्यांचे प्रश्न आधी घेऊ, मग दंतवैद्यांचे.